लाइन अटॅचच्या पलीकडे: ठाण्याचा रोजनामचा

इंदूरात एखाद्या प्रकरणावर बोंबाबोंब झाली की संध्याकाळपर्यंत बातमी येते, ‘टीआय लाइन अटॅच’, म्हणजे ठाणेप्रमुखाला पोलिस लाइनीत धाडलं. लोक म्हणतात, चला, कारवाई झाली. पण लाइन अटॅच ही शिक्षाच नव्हे. माणूस ठाण्यातून उचलून लाइनीत बसवला, एवढंच. शिक्षा द्यायची तर लेखी आरोप, उत्तराची संधी आणि चौकशी लागते, आणि चौकशीला कागद लागतो. तो ठाण्यात आधीपासून असतो, त्याचं नाव रोजनामचा, ठाण्याची रोजची नोंदवही.

रोजनामच्यात कोण किती वाजता कुठल्या कामावर निघाला ती रवानगी आणि कधी परतला ती आमद. तक्रार, अटक, गस्त, सगळं त्यातच. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती इथे उतरलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013च्या ललिता कुमारी निकालात बजावलं आहे. एकाच वहीत शिपायाची थकावट आणि ठाण्याची जबाबदारी दोन्ही मोजता येतात. मात्र आमदीतून रवानगी वजा करून तासांची बेरीज कोणी करत नाही. रवानगी नीट लिहितात, कारण उद्या कोर्टात ‘मी तिथे होतो’ हे तिच्यावरूनच ठरतं. आमद मात्र ठाण्याची लिखापढी बघणारे मुन्शीजी रात्री एकदम भरून टाकतात. परिणामी चौदा तासांची ड्युटी कागदावर कुठेच दिसत नाही, आणि उद्या मारहाणीचा आरोप आला तर ‘मी तेव्हा घरी होतो’ हे सिद्ध करायला शिपायापाशीही काही उरत नाही.

माणसं कमी म्हणजे नेमकी किती, तेही कागदावरच काढता येतं. संत्रीची, म्हणजे दारावरच्या पहाऱ्याची, एक जागा चोवीस तास चालवायची तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे वर्षाला 1095. साप्ताहिक सुट्ट्या 52 आणि रजा, कोर्टपेशी, ट्रेनिंग मिळून 45 दिवस धरले, तर एक माणूस 268 दिवस हाती लागतो. भागाकार चारच्या वर जातो. संत्री, संगणकावरचा माणूस, मुन्शी आणि गाडीवरचे दोघे अशा पाचच जागा धरल्या तरी वीस-एकवीस माणसं इथेच संपली. तपास, वॉरंट बजावणं, बीटची (नेमून दिलेल्या भागाची) गस्त अजून बाकीच. मध्य प्रदेशात 2019मध्ये साप्ताहिक सुट्टीचा आदेश निघाला आणि पुढे बारगळला, तो या भागाकारामुळे. नुसत्या आदेशाने माणूस जन्माला येत नाही.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, घ्या. राजवाड्याच्या परिसरात पहाटेच पॉइंट लागतात आणि दुपारनंतर गर्दी ओसरली तरी सुटका नसते, कारण त्याच माणसांना रात्री नाकाबंदीला उभं करतात. सलग 17 ते 19 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा वागतो, हे प्रयोगांतून दिसलं आहे. वाहन चालवण्याची आपली कायदेशीर मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. तेव्हा ब्रेथ अ‍ॅनालायझर हातात घेऊन उभा असलेला शिपाईच न पिता मर्यादेबाहेर असतो. त्याच्या तोंडची शिवी किंवा हातची काठी बिनशर्त माफ करा, असं मी म्हणणार नाही. पण त्याला तिथे उभं करणाऱ्याची सहीही चौकशीत यावी. मुंबईत 2016मध्ये आयुक्त पडसलगीकरांनी आठ तासांची पाळी देवनार ठाण्यापासून सुरू केली. आधी एक ठाणं, मग बाकीची. इंदूरला डिसेंबर 2021पासून आयुक्तालय आहे, इथेही ते जमायला हरकत नाही. पाळी फिरवायची तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरवा. रात्रीवरून दुपारी आणि दुपारवरून सकाळी आणलं की शरीराला जास्त जड जातं.

दुसरा साक्षीदार कॅमेरा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या परमवीरसिंग सैनी निकालाप्रमाणे ठाण्याचं दार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत. रेकॉर्डिंग अठरा महिने, तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर राहायला हवं. ते चालू ठेवणं ही ठाणेप्रमुखाची जबाबदारी. आता हिशेब बघा. 2 एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी खातो. बारा कॅमेऱ्यांचे झाले सुमारे 260 जीबी, वर्षाचे 95 टीबी. डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात, चार टीबीची डिस्क घातली असेल, तर सोळाव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो, तोही कोणी बटणाला हात न लावता. ‘फुटेज उपलब्ध नाही’ या उत्तरामागे दर वेळी बदमाशी असतेच असं नाही, पुष्कळदा चुकीची खरेदी असते.

म्हणून ठाण्यात काही विपरीत घडलं तर आठवड्याच्या आत लेखी अर्ज द्या: तारीख, अंदाजे वेळ, कॅमेऱ्याची जागा, ‘हे फुटेज जपून ठेवावे’, आणि त्या वेळच्या रोजनामच्यातल्या नोंदीही. अर्जाच्या प्रतीवर पोच आणि शिक्का घ्या, दुसरी प्रत डीसीपी (पोलिस उपायुक्त) कार्यालयात टाका. डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतं, तेव्हा वेळ मागताना दोन्ही बाजूंना अर्धा तास वाढवून मागा.