म्हातारपणी 'पुढचं' कोणाला दिसतं?

वय झालं की माणूस निगेटिव्ह होतो, हे आपण किती सहज बोलून जातो. घरातलं म्हातारं माणूस 'आता काय राहिलंय' म्हणालं की स्वभावच तसा म्हणून विषय संपवतो. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या आसपासच्या साठी-सत्तरीच्या माणसांकडे मी गेली बरीच वर्षं बघतेय आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे आणि ज्याच्या नाही, त्या दोघांचं 'पुढचं' एकसारखं नसतंच मुळी.

एकदा दवाखान्यात माझ्या शेजारी दोन काका बसले होते, दोघांचे गुडघे गेलेले, वयही साधारण एकच. एकजण विचारत होते की नवीन गुडघा बसवला तर किती वर्षं टिकेल, परत डोंगर चढता येईल का. दुसरे काका चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनने खुणा करत होते, कुठली गोळी रोज घ्यायची आणि कुठली एक दिवसाआड घेतली तरी चालेल. चिठ्ठी इतक्या वेळा घडी घातलेली की घडीवर फाटत आलेली. एकाचा हिशोब वर्षांचा होता आणि दुसऱ्याचा महिनाअखेरपर्यंतचा, यात स्वभाव कुठून आला?

स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की आपल्याकडे वेळ थोडा उरलाय असं वाटायला लागलं की माणूस पसारा कमी करतो, जवळच्या चार माणसांत रमतो, आणि त्यात समाधानी असतो. हे मी खरंच बघितलंय, पण ज्याला निवड करता येते त्याच्या बाबतीत. भाड्याला पैसे नाहीत म्हणून बहिणीला भेटायला जाणं बंद झालं, आहेर परवडत नाही म्हणून लग्नाला जाणं टाळलं, तर तोही पसारा कमी होणंच, फक्त त्यात समाधान नाही, ओढगस्त आहे.

आणि 'माझे किती दिवस राहिलेत' हे गरीब माणूस म्हणतो तेव्हा ती बऱ्याचदा निराशा नसतेच, तो बरोबर अंदाज असतो. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2014 मधल्या उत्पन्नाच्या नोंदी तपासल्या, त्यात सगळ्यात श्रीमंत 1 टक्का आणि सगळ्यात गरीब 1 टक्का यांच्या अपेक्षित आयुष्यात पुरुषांमध्ये 14.6 वर्षांचा आणि बायकांमध्ये 10.1 वर्षांचा फरक निघाला. चौदा वर्षं! ज्याने आपल्याबरोबर काम करणारी माणसं साठीच्या आतबाहेर जाताना बघितलीत तो ऐंशीव्या वर्षाचे प्लॅन कशाला करेल?

बरं, हे फक्त उपाशी माणसाचं दुखणं आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये 1967 साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सगळे सरकारी नोकरदार होते, पगार चालू, नोकरी पक्की. तरीही सगळ्यात खालच्या ग्रेडमधल्यांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या साधारण तिप्पट आलं, आणि मधल्या पायऱ्यांवरही जसजसं खाली जावं तसतसं ते वाढतच गेलं. म्हणजे पोटापुरतं असणं पुरत नाही, आपण कितव्या पायरीवर आहोत हेही अंगाला लागतं. एकाच ऑफिसातून रिटायर झालेल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवा, साहेब लोकांचे परदेशातले फोटो रोज येतात, आणि एक दिवस कोणीतरी खालच्या पोस्टवरचा माणूस गुपचूप ग्रुप सोडतो, मग बाकीचे म्हणतात हल्ली तो फार तुटक वागतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बेक्का लेव्ही यांचा 2002 चा अभ्यास लोक फार शेअर करतात, की म्हातारपणाबद्दल चांगलं वाटणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. यात आर्थिक स्थितीचा फरक त्यांनी वेगळा काढला होता, म्हणजे उमेदीला स्वतःची ताकद आहे हे मी मानते. पण त्यावरून म्हाताऱ्यांना 'पॉझिटिव्ह राहा' सांगत सुटायचं हे मला निर्दयपणाचं वाटतं, कारण ती उमेद धरायला पायाखाली काहीतरी स्थिर लागतं ना. ओळखीतल्या एका आजींना दरमहा ठरलेली रक्कम मिळायला लागली, फार मोठी नव्हे, पण ठरलेल्या तारखेला हमखास. त्यानंतर काही महिन्यांत त्यांनी स्वतःहून दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन काढलं, जे त्या कित्येक वर्षं 'आता कशाला' म्हणून टाळत होत्या. उपदेश कोणीच केला नव्हता.

म्हणूनच सरासरी आयुष्य वाढलं म्हणून सगळ्यांचं निवृत्तीचं वय सरसकट वाढवा असं कुठल्याही देशात कोणी म्हणालं की मला राग येतो. सरासरी वाढते त्यात मोठा वाटा वरच्या पायऱ्यांवरच्यांचा असू शकतो, आणि पेन्शन मिळते ती जगाल तितकी वर्षं. खुर्चीत बसून काम केलेल्याला दोन वर्षं उशिरा मिळाली तरी पुढे वीस वर्षं हातात असतात, आयुष्यभर ओझी उचललेल्याकडे मुळात सात-आठच असतील तर त्याची दोन वर्षं म्हणजे पाव हिस्सा गेला, आणि हप्ते मात्र दोघांनीही भरलेले असतात.