पूर आलाय, काय पाठवू?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीवर गेल्याची बातमी आली, की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. 43 फूट म्हणजे धोका पातळी, तोवर तर दुसरं काम करता येत नाही. प्रश्न एकच असतो: ‘काय पाठवू?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो, कारण उत्तर रोज बदलतं. पाणी चढत असताना एक, ओसरताना दुसरं आणि पंधरा दिवसांनी तिसरंच.

आधी काय पाठवू नये ते. जुने कपडे. 2019 च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे इतके कपडे आले की त्यांचे ढीग पावसात भिजून कुजले आणि ते उचलायला वेगळी माणसं लावावी लागली. पूरग्रस्त म्हणजे भिकारी नव्हे. परवापर्यंत त्याच्या घरात कपाटभर कपडे होते. द्यायचेच तर नवे द्या आणि बायकांचा विचार आधी करा. साडीबरोबर परकर आणि शिवलेला ब्लाउज हवा, नुसत्या ब्लाउजपीसचं शिबिरात काय करायचं? आतले कपडे मापाप्रमाणे वेगळे बांधून वर माप लिहा. सॅनिटरी पॅड आणि ते टाकायला कागदी पिशव्या. खेड्यातल्या म्हाताऱ्या सहावारी नेसत नाहीत, त्यांच्यासाठी थोडी नऊवारी लुगडी. ही यादी कुणी आपणहून सांगत नाही, पुरुष कार्यकर्त्याला तर नाहीच. शिबिरात एक बाई वही घेऊन बसली की तासाभरात खरी यादी तयार होते.

पाणी चढत असताना तुम्ही येऊच नका. बोटीचं काम एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि ज्यांना पाणी कळतं अशा स्थानिकांचं. 8 ऑगस्ट 2019 ला सांगलीच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं तीत बसली होती. बोटीत लाइफ जॅकेट किती, तेवढीच माणसं, एवढा एक नियम पुरे. शिवाय रस्ताही नसतो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुण्याकडून निघालेला ट्रक अलीकडेच अडकतो, आणि मग ड्रायव्हर कंटाळून पहिलं दिसेल त्या गावात माल उतरवतो. म्हणून महामार्गालगतच्या गावांत बिस्किटांची थप्पी लागते आणि आतल्या वाडीला काहीच पोचत नाही. निघण्यापूर्वी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा, गाव आणि घरांची संख्या ठरवून घ्या, आणि तिथल्या एका माणसाचं नाव चालकाच्या हाती द्या.

शिध्याचं किट. पाच माणसांचं घर, एक आठवडा. माणशी दिवसाला 400 ग्रॅम धान्य धरलं तर 14 किलो होतं, म्हणून 5 किलो तांदूळ आणि 10 किलो पीठ. पीठच हवं, गहू नको. गावातली गिरणी पाण्याखाली होती, तिची मोटर चालणार नाही. 2 किलो तूरडाळ, 1 लिटर तेल, 1 किलो मीठ, 1 किलो साखर, पाव किलो चहा, हळद-तिखट, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली काडेपेटी. हे वीस किलोच्या वर जातं, तेव्हा दोन पिशव्या करा. एका पिशवीत सगळं भरलं की म्हातारं माणूस रांगेत उभं राहतं आणि पिशवी उचलायला दुसऱ्याची वाट बघतं. आणि शिधा तेव्हाच, जेव्हा चूल आहे. सिलेंडर वाहून गेला असेल तर पहिले चार-पाच दिवस कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. शिजवलेलं अन्न लांबून आणू नका. दमट हवेत बंद डब्यातला मसालेभात दुपारपर्यंत आंबतो, आणि शिबिरात जुलाब सुरू झाले तर दोनशे माणसांना संडास दोनच असतात.

पाणी ओसरलं की खरं काम निघतं, आणि नेमकी तेव्हाच मदत आटते, कारण टीव्हीवरचा पूर संपलेला असतो.

दहा बाय दहाच्या दोन खोल्या घ्या, आत चार इंच गाळ. म्हणजे जवळजवळ दोन घनमीटर. ओला असताना तीन टनांच्या आसपास. घमेल्यात पंधरा किलो मावतो असं धरा. दोनशे घमेली झाली. एका घराची. म्हणून दहा जणांची तुकडी करा: चार फावडी, आठ घमेली, दोन खराटे, दोन वायपर, एक टिकाव, सगळ्यांना गमबूट आणि रबरी हातमोजे. जेवण, पाणी, अंथरूण तुमचं तुम्ही आणायचं. गाळ ओला असेपर्यंतच काढायचा; दोन दिवस ऊन पडलं की त्याची वीट होते आणि मग टिकावानं फरशीही उखडते. भिंती आधी धुवायच्या, जमीन नंतर. गाळ गटारात लोटायचा नाही. हे दहादा सांगूनही शेवटचा माणूस लोटतोच, आणि पुढच्या सरीला तेच पाणी उंबऱ्यावरून परत आत येतं.

पण फावडं मारण्याआधी दोन गोष्टी. मेन स्विच बंद आणि वायरमननं बघेपर्यंत बंदच. दुसरी, फोटो. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिला टेप लावून आकडा दिसेल असा फोटो, मग भिजलेल्या सामानाचा, मग घरमालकाला दारात उभं करून. तलाठ्याचा पंचनामा व्हायचा असतो. हौशी तुकडी येते, घर आरशासारखं लख्ख करून जाते आणि पंचनाम्याला पुरावाच उरत नाही. मेलेलं जनावरही पशुवैद्यकाला दाखवून, कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढूनच पुरायचं. रेशनकार्ड, सातबारा असले भिजलेले कागद उन्हात टाकू नका, चिकटतात. सावलीत, सुटे करून वाळवा.

चिपळूण 22 जुलै 2021 ला बुडालं, तिथं चिखलाबरोबर लेप्टोचीही, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचीही धास्ती होती. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. डॉक्सिसायक्लिनची गोळी डॉक्टर देतील तरच. मेडिकलमधून आणून वाटायची नाही, गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती चालत नाही.

विहिरीचं सांगतो, कारण इथं उत्साहानं जास्त बिघडतं. आधी गढूळ पाणी उपसायचं, पण हळूहळू. जमीन पाण्यानं फुगलेली असते, मोठे पंप लावून विहीर झटक्यात रिकामी केली तर बांधकाम आत ढासळतं. मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर सुमारे 37,700 लिटर पाणी. एरवी 1000 लिटरला 5 ग्रॅम पावडर लागते, म्हणजे 190 ग्रॅम. पुरानंतर तेवढ्यावर भागत नाही. मात्रा आरोग्यसेवकाला ठरवू द्या. पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली भरून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून हिसडे द्यायचे. तळाचा चुना बाहेर. अर्ध्या-एक तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ती चाचणी; पिवळा रंग आला नाही तर पुन्हा. बऱ्याचदा दोष मात्रेचा नसतो, पावडरीचा असतो: ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात क्लोरीन उरलेलाच नसतो.

आणि जनावरं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, परांडा भागातून मागणी आली ती चाऱ्याची. मोठ्या जनावराला दिवसाला 20 किलो ओला चारा धरा. दीड टनाची पिकअप म्हणजे 75 जनावरांचा एक दिवस. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) पाठवलात तर तो एकदम पोटभर घालू नका असंही सांगा, सवय नसलेल्या जनावराचं पोट बिघडतं. नुसतं उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) देत राहिलं तर अंगातलं कॅल्शियम कमी होतं, तेव्हा त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. बुरशी आलेला कडबा परत न्या, दान म्हणूनसुद्धा नको.

पैसे पाठवायचे तर जवळच्या न बुडालेल्या बाजारात खर्च होतील असे पाठवा. वाहतूक वाचते आणि हवं ते मापाचं मिळतं. तिसऱ्या आठवड्यात लागतात त्या वस्तू फोनवर कुणी विचारत नाही: शाळेच्या वह्या, शिलाई मशीनची दुरुस्ती, पिठाच्या गिरणीची मोटर. तिचं रिवायंडिंग (आतली तार नव्यानं गुंडाळणं) करून आणायला तालुक्याला आठ दिवस तरी रांग असते. मोटर बसली की कळवतो. मग गहू पाठवा.