आमची वाटचाल: सहा ठिपक्यांचा धंदा

अजून चालू आहे का तुमचं ब्रेलचं, म्हणजे अंधांसाठी उठावाच्या ठिपक्यांची पुस्तकं छापायचं, असं लोक विचारतात. आहे, चालू आहे.

सुरुवात एका सेकंडहँड एम्बॉसरवर, म्हणजे कागदावर ठिपके उमटवणाऱ्या मशीनवर झाली. तो सुरू झाला की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज, शेजारचे भांडायला यायचे, मग जाड फोम लावून लाकडी पेटी केली. माझा पहिला पार्टनर स्वतः अंध, शाळेत ब्रेल पाटी आणि टोचणीवर शिकलेला, म्हणजे उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद पलटून सरळ वाचायचं. त्याचं पर्किन्स मशीन (ब्रेलचा टाइपरायटर, 1951 चं डिझाइन, सहा ठिपक्यांना सहा बटणं) आजही ऑफिसात आहे, लाइट गेली तरी चालतं. प्रूफ तोच वाचायचा, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय पान मशीनवर जायचं नाही.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ते गणिताचं पुस्तक आलं. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी चिन्हं नसतात हे तुम्हाला माहितीच आहे, आधी अंकचिन्ह टाकायचं आणि मग अक्षरांचेच ठिपके आकडे होतात. सॉफ्टवेअर अपडेट केलं त्यात आमचं टेबल (कुठल्या अक्षराला कुठले ठिपके ते सांगणारी यादी) उडालं आणि अंकचिन्ह गायब. पार्टनर गावाला गेलेला, डेडलाइन डोक्यावर, मी म्हटलं एकदा प्रूफ नाही वाचलं तर काय बिघडतंय. 180 प्रती, प्रत्येकीचे 5 खंड, आणि सगळीकडे 12 च्या जागी ‘अब’, 25 च्या जागी ‘बए’. सगळा माल परत आला. चूक माझीच, पण ती भरून देतो म्हणत असताना ऐकून घ्यायला कुणी नव्हतं, हे अजून सलतं.

कारण त्याच महिन्यात पुस्तकं वाचून दाखवणारे अ‍ॅपवाले आले होते. स्लाइड लावल्या, कॉफी पाजली, ब्रेल संपलं म्हणाले, आता सगळं कानाने. आमची सगळ्यात मोठी ऑर्डर देणारी संस्था तिकडे गेली. आता खरं सांगायचं तर ते पूर्ण चुकीचे नव्हते, एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) 2006 पासून फुकट मिळतंय, 2009 मध्ये आयफोन 3जीएसवर तसंच व्हॉइसओव्हर आलं, पोरं फोनवर कादंबऱ्या दुप्पट स्पीडने ऐकतात, मला तर त्यातलं एक वाक्य कळत नाही. राग एवढाच की त्या मीटिंगमध्ये एकही अंध विद्यार्थी नव्हता.

पुढचं वर्ष कसं काढलं ते घरच्यांना विचारा. एम्बॉसर विकायला काढला होता, गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं.

तेव्हा एका विद्यार्थिनीचा फोन आला, शाळेपासून आमची पुस्तकं वाचणारी. म्हणाली, “दादा, हे ऐका,” आणि अ‍ॅप स्पीकरवर लावलं. ‘एक भागिले एक्स अधिक दोन.’ “आता सांगा, दोन छेदात आहे की बाहेर?” मला सांगता येईना. म्हणाली, कथा मी कानाने वाचीन पण गणित आणि शुद्धलेखन बोटानेच लागतं, तेवढं छापा, आणि पैसे आम्ही मुलं मिळून देऊ. कुणाच्या देणगीशिवाय आलेली ही आमची पहिली ऑर्डर.

वर तिने मला झापलंही. आम्ही प्रत्येक पुस्तकात देणगीदारांची यादी छापायचो, ब्रेलमध्ये ती चांगली चार पानं खायची. म्हणे भूगोल उघडला की आधी चार पानं कुणाकुणाचे आभार का चाचपायचे मी? पूर्वीची मुलं असं बोलत नसत, मिळालं हेच खूप म्हणायची. मला आधी राग आला, रात्री पटलं. याद्या बंद केल्या, दोन देणगीदार गेले, जाऊ देत.

आता आम्ही पूर्ण पुस्तक क्वचितच छापतो. मजकुराची फाइल फोनसाठी आणि सूत्रं, तक्ते, आकृत्या तेवढ्या ब्रेलमध्ये, असा सेट देतो. ती मुलगी आता प्रूफ बघते आणि पार्टनरपेक्षा जास्त छळते.

या धंद्यात येणाऱ्या नव्या पोरांना (विचारलं नाहीये तरी) सांगतो, कागद दमट जागेत ठेवू नका, ठिपका उमटतो पण उभा राहत नाही. खंड उभेच ठेवा, चळत लावली की खालचे चेपतात. आणि निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय मशीन सुरू करू नका, समोरचा कितीही समाजसेवक असला तरी.

परवा त्या अ‍ॅपवाल्यांचा मेल आला, गणिताचे तक्ते ब्रेलमध्ये करून द्याल का म्हणून. रेट नेहमीचाच लावला. बरं, थोडा जास्त लावला. निम्मा अ‍ॅडव्हान्स मागितलाय, अजून आलेला नाही.