सा जागेवर राहीना

जुलैचा दुसरा आठवडा होता. गणपती जवळ आले की भजनी मंडळांच्या पेट्या आमच्या कुडाळच्या दुकानात येऊन पडतात. कुणाचा भाता फाटलेला असतो, कुणाचे सूर दमट हवेनं दबलेले असतात. त्या दिवशी सात पेट्या रांगेत होत्या आणि मी एकीलाही हात लावला नव्हता. दुकानाच्या मधोमध चार पायांवर एक वाद्य उभं होतं आणि त्याच्यासाठी मी सहा आठवडे खपलो होतो. पेडल स्टील गिटार. आदल्या रात्री तारा चढवल्या होत्या, सकाळी मालक वाजवून बघायला येणार होते.

मालक म्हणजे वेंगुर्ल्याचे एक काका. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायचे, पुढं पंधरा वर्षं प्रवासी जहाजांवर. परदेशात कुठल्याशा बंदरावर जुनं घेतलेलं हे वाद्य निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर गावी आलं. मग दोन पावसाळे ते मुलाकडे मुंबईत राहिले आणि खोक्यातलं वाद्य माजघरात भिंतीला टेकून राहिलं. परत येऊन खोकं उघडलं तर आत वाळवीनं घर केलेलं. मे महिन्यात दुकानात आले तेव्हा म्हणाले, "लोखंड सगळा बरा आसा रे, लाकडाची माती झाली." फळीवर बोट दाबलं तर बोट आत गेलं. वरचं पॉलिश तेवढं कागदासारखं उरलं होतं.

हे वाद्य आपल्याकडं फार जणांनी पाहिलेलं नसेल. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी फिरवतात, ते बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पेडल स्टील हे तिचंच पुढचं रूप. टेबलासारखं उभं, दहा तारा, खाली पायाची पेडलं, गुडघ्यानं ढकलायचे लिव्हर. पेडल दाबलं की फळीखालच्या सळ्या ओढल्या जातात आणि उजव्या टोकाचं यंत्र, ज्याला चेंजर म्हणतात, ठरावीक तारा ताणतं. मी पेटीवाला, त्यामुळं मला ते सरगमीत समजलं. या वाद्याच्या ई-नाइन नावाच्या जुळणीत सा, ग, प अशा तारा मिळतात. पहिली दोन पेडलं एकदम दाबली की ग चा म होतो आणि प चा ध. सा जागेवर राहतो. मध्यमाचा सगळा स्वरमेळ असा एका पावलात, मींडेसकट, म्हणजे सूर न तुटता घसरत, समोर येतो. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबून ही मींड लोकांच्या कानावर घातली. पुढं शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी दोघांच्या नावांतून शो-बड हे नाव बांधून ही वाद्यं बनवायला घेतली. लाकूड बहुतेक ठिकाणी एकच, हार्ड मेपल. काकांचंही तेच होतं.

मेपल इथं कुठून आणणार? आणि आणून वाळवीच्या तोंडी का द्यायचं? शिवाय ते हवेतल्या पाण्यानं सागाच्या जवळजवळ दुप्पट हलतं, आणि कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा. मी शिवणीचं लाकूड निवडलं. का निवडलं ते सांगायला हवं, कारण चूक तिथंच आहे. लाकडावर टिचकी मारून कान द्यायचा, हे मी वडिलांकडून शिकलो. शिवणीच्या त्या फळीवर टिचकी मारली तर घंटेसारखा लांब, गोड आवाज आला. शिवण फारशी फुगत नाही, चिरत नाही, रंध्याखाली लोण्यासारखी जाते. ढोलकीची खोडं मी शिवणीची पाहिली आहेत. काकांना आवाज थोडा उबदार हवा होता. मला वाटलं, याहून योग्य लाकूड मिळायचं नाही.

काका दहा वाजता आले. ओली छत्री दाराशी ठेवली, बोटांत नख्या चढवल्या, लोखंडी कांडी रुमालानं पुसली. अँप्लिफायर लावला. पहिले दोन-चार सूर ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मग त्यांनी दोन्ही पेडलं दाबली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आयकलंस? सा खाली येता."

मला आधी कळलंच नाही. सा च्या तारेला कुठलं पेडल जोडलेलंच नव्हतं. मोबाइलवर ट्यूनर लावला. पेडलं मोकळी असताना सा बरोबर. दाबली की अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर नऊ भाग खाली. सोडली की पुन्हा जागेवर. एवढा फरक कानाला नुसता चुकल्यासारखा लागत नाही, दुखतो. आणि दुसरी गोष्ट, सूर टिकत नव्हता. मधली सा ची तार छेडून मी घड्याळावर मोजलं, अकरा सेकंदांत ती विझली.

दोन तास मी लोखंडात दोष शोधला. चेंजरची बोटं साफ केली, सळ्यांचे नट तपासले, पायांचे स्क्रू आवळले. काका वाकून बॅटरी धरत होते. काहीच फरक पडेना. बारा-साडेबाराला वीज गेली. पावसानं एवढं अंधारून आलं होतं की दुकानात हात दिसेना, आणि पत्र्यावर असा मारा चाललेला की बोललेलं ऐकू येईना. मी एका कानात बोट घातलं, दुसरा कान फळीला लावला आणि काकांना पेडलं दाबायची खूण केली. लाकडातून बारीक कुरकुर आली, ओल्या दोरावर भार पडल्यावर येते तशी.

मग सुचलं. माझ्याकडं पोलादी सरळपट्टी आहे, पेटीच्या सूरफळ्या सपाट आहेत का ते बघायची. ती मी फळीच्या पुढच्या कडेला, तारांना समांतर, उभी ठेवली आणि पलीकडून मोबाइलची बॅटरी लावली. अंधारात पट्टीखाली मधोमध केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. "मी दाबतंय, तू बघ," काका ओरडले. त्यांनी दोन्ही पेडलं दाबली आणि ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर जाड झाली. वहीच्या कागदाएवढी. सोडली, पुन्हा केस. दाबली, पुन्हा कागद.

दीड इंच जाडीची फळी पायाच्या जोरानं वाकत होती आणि मी ते बघत होतो. चोवीस वर्षं लाकडात काम करतोय, पण लाकूड वाकताना असं डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं गणित सोपं होतं. दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोंच्या वर. तारा फळीच्या वरच्या अंगाला, म्हणून त्या दोन्ही टोकं वर ओढतात आणि मध्य खाली दबतो. पेडलानं चार तारा आणखी ताणल्या की फळी आणखी वाकते, टोकं सुताएवढीही नाही, पण जवळ येतात, आणि ज्या तारांना कुणी हात लावलेला नाही त्या सैल पडतात. सा सैल पडतो. सूर टिकण्याचंही तसंच. तार थरथरते आणि तिच्याखालचा विजेचा पिकअप ती थरथर पकडून अँप्लिफायरला देतो. फळीनं स्वतः थरथरून त्यातलं काही घेतलं तर तेवढं तारेतून जातं. ढोलकीला लाकडानं गाणं हवं असतं. इथं लाकडानं तारांची दोन टोकं मुकाट धरून ठेवायची असतात. ज्या घुमण्यावर मी भाळलो होतो, तीच इथं चोरी होती.

मेपलचा घनफूट वीस किलोंच्या आसपास भरतो, शिवणीचा तेरा-चौदा. हे आकडे मला माहीत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, टिचकी ऐकली.

संध्याकाळी मी काकांना घरी नेलं. पडवीच्या माळ्यावर आजोबांच्या जुन्या घराची सागाची तुळई होती. घर उतरवलं तेव्हा वडिलांनी तेवढीच ठेवून घेतली होती. जुना गाभ्याचा साग, घनफूट अठरा-एकोणीस किलोंचा, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. कडकपणात मेपलच्या जवळ, पावसाळ्यात त्याच्याहून शांत, आणि वाळवी सहसा गाभ्याच्या सागाला तोंड लावत नाही. काकांनी तुळईवरून हात फिरवला. "घरातला लाकूड कशाक कापतंस?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, माळ्यावर पडून तिचं तरी काय होणार?" ते बराच वेळ गप्प होते. त्यांनी तुळईला नमस्कार केला, मग मीही केला.

सागाचं काम मेहनतीचं. त्यात वाळूचा अंश असतो, रंध्याचं पातं दर अर्ध्या तासाला धार मागतं. लाकूड तेलकट, म्हणून सांधा रंधून लगेच थिनरनं पुसायचा आणि त्याच घटकेला सरस लावायचा. ताटकळला तर सरस धरत नाही. या खेपेला पुढची आणि मागची पट्टी मी वरच्या फळीत खाच पाडून बसवली, तारांखालचा दांडा मधल्या स्क्रूनं फळीला खेचून घेतला. लाकूड बदलून अर्धं काम झालं असतं, उरलेलं या सांध्यांनी केलं, असं माझं मत आहे. लोक एकट्या लाकडालाच श्रेय देतात, ते मला पटत नाही. सनमायका मात्र लावू दिला नाही. आजोबांच्या तुळईवर सनमायका नको, एवढा हट्ट मी धरला.

गणपती झाल्यावर काका आले. आधी सरळपट्टी लावली. उजेडाची रेघ केसाएवढी, पेडलं दाबल्यावरही जवळजवळ तेवढीच. ट्यूनरवर सा तीन भाग खाली. सूर सतरा सेकंद टिकला. काकांच्या मते आवाज मेपलपेक्षा किंचित गडद आहे, वरच्या तारांची धार थोडी कमी. त्यांना ते आवडलं. त्यांनी कुठलं परदेशी गाणं वाजवलं नाही. आमच्या मंडळाच्या गजराची चाल धरली, सा वरून म वर त्या एका पावलानं गेले, आणि दुकानात पेटी न्यायला आलेले दोघे भजनी दारातच थांबले.

दसऱ्याला वाद्य वेंगुर्ल्याला पोचवलं. काकांनी ते माजघरात, भिंतीपासून हातभर लांब उभं केलं. मग स्वयंपाकघरातून चार वाट्या आणल्या, पाणी भरलं आणि दुधाच्या कपाटाला ठेवतात तशा चारी पायांखाली सरकवल्या. मी सांगितलं, हा साग आहे, वाळवीचं फारसं भय नाही. "आसांदे," म्हणाले. "वाजवूच्या वेळाक काढतलंय."