सहाशे रुपयांची की आणि एकशे ऐंशी दिवस

तक्रार दोन ओळींची होती. विंडोजच्या लायसन्सची मुदत लवकरच संपेल असा मेसेज सारखा येतोय, आणि व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम उघडला की व्हॅन ९००१ एरर. मशीन असेंबल्ड : रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ५०० जीबीचा साटा एसएसडी आणि गेम्स ठेवायला १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून दिवाळीत यावर ११ टाकून घेतलेलं. मुलाची बारावी आटोपली आणि व्हॅलोरंट आता एप्रिलात पहिल्यांदा टाकला. "विंडोज ओरिजिनलच आहे," वडील म्हणाले. "पावती नाही, पण सहाशे रुपये भरलेत ऑनलाइन."

अशा वेळी पहिली कमांड ठरलेली. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडायचा आणि लायसन्सची माहिती दाखवणारं 'एसएलएमजीआर /डीएलआय' टाकायचं. खिडकीत आलं : एडिशन प्रो, चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, व्हॉल्यूम केएमएस-क्लायंट, कीची (लायसन्सच्या कोडची) शेवटची पाच अक्षरं टी८३जीएक्स. ही की कुणी विकत घ्यायची गोष्टच नाही. कंपन्यांच्या आपापल्या केएमएस सर्व्हरशी, म्हणजे आतल्या सगळ्या मशीनची विंडोज अॅक्टिव्हेट करणाऱ्या सर्व्हरशी, मशीन जोडायला मायक्रोसॉफ्टने ती स्वतः जाहीर करून ठेवली आहे. अशी अॅक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवसांची, म्हणजे २,५९,२०० मिनिटांची असते. दर सात दिवसांनी मशीन सर्व्हरला गाठतं आणि मुदत पुन्हा पूर्ण होते. इथे जेमतेम १४,४०० मिनिटं उरली होती, म्हणजे दिवाळीनंतर एकदाही नूतनीकरण झालं नव्हतं. विकणाऱ्याने आपला सर्व्हर गुंडाळला असणार.

की कशी टाकली, हे मुलाकडून निघालं. समोरच्याने रिमोट घेऊन काळ्या खिडकीत एक ओळ पेस्ट केली होती. मग डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसचे एक्सक्लूजन्स (काय तपासायचं नाही त्याची यादी) उघडले. यादीत एकच नोंद, आख्खा सी ड्राइव्ह. अँटिव्हायरस चालू दिसत होता, पण विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तोच त्याने तपासायचा नाही असं ठरवून ठेवलेलं. लायसन्सपेक्षा हे जास्त गंभीर. कुणीतरी अॅडमिन हक्कांनी काय काय चालवलं ते आता कळणार नाही, त्यामुळे नुसती की बदलण्यात अर्थ नव्हता. फॉरमॅट.

गेमची एरर वेगळ्या कारणाची होती, मूळ मात्र तेच शॉर्टकट. मशीनची माहिती दाखवणाऱ्या एमएसइन्फो३२ मध्ये बायोस मोड लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचा, आणि टीपीएम ही सुरक्षेची चिप सापडत नाही. विंडोज ११वर व्हॅनगार्डला, म्हणजे व्हॅलोरंटच्या चीटिंग रोखणाऱ्या प्रोग्रामला, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही लागतात. रायझन ५ ३६०० विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत आहे आणि टीपीएम प्रोसेसरमध्येच आहे, फक्त बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंग्जमधून) चालू करायचा. ते न करता आधीच्या माणसाने तपासण्या वगळणारा पेनड्राइव्ह बनवून विंडोज मारलं होतं. पाच मिनिटांचं काम चुकवायला ही सगळी उठाठेव!

काय घ्यायचं यावर थोडी चर्चा झाली. "दादा, लिनक्स टाकला तर?" मुलाने विचारलं. प्रश्न चांगला होता. स्टीम या गेमच्या अॅपमध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आहे, एकट्याने खेळायचे बहुतेक गेम चालतात. पण व्हॅनगार्ड लिनक्सवर नाहीच, आणि जीटीए ऑनलाइनही सप्टेंबर २०२४ पासून तिथे बंद आहे. वडिलांना घरातल्या बंद लॅपटॉपची विंडोज वापरायची होती. ती ओईएम, म्हणजे मशीनसोबत आलेली, त्या बोर्डाशी बांधलेली, इकडे येत नाही. जुन्या विंडोज ७च्या स्टिकरवरून ११ मिळण्याची वाटही सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. राहिला रिटेल बॉक्स, तोही होम. प्रोमध्ये बिटलॉकर, रिमोट डेस्कटॉप, हायपर-व्ही मिळतं. गेमला एक फ्रेमही जास्त मिळत नाही. होमला १२८ जीबी रॅमची मर्यादा आहे, याच्याकडे १६.

आधी बायोस अपडेट, एफएटी३२ पेनड्राइव्हवरून, मशीन यूपीएसवर ठेवून. जुन्या बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधला तोच टीपीएम) चालू केला की अधूनमधून गेम अडखळतो; एएमडीने हे मार्च २०२२ मध्ये मान्य केलं, उपाय अजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ पासून आहे. अपडेटने सेटिंग्ज मूळ पदावर जातात, म्हणून बाकीचं त्यानंतर : सीएसएम (तो जुना लेगसी मोड) बंद, एफटीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू आणि त्याच्या फॅक्टरी कीज लोड (या कीज सही तपासायच्या, लायसन्सच्या नव्हेत). कीज लोड करायच्या राहिल्या तर बायोसमध्ये एनेबल्ड दिसतं आणि विंडोजमध्ये ऑफ. यावर भले भले अडकतात.

मग हार्ड डिस्कची साटा केबल काढली. ती लावलेली असली तर सेटअप कधीकधी बूट पार्टिशन तिच्यावर टाकतो, आणि वर्षाने डिस्क बदलली की मशीन उठत नाही. एसएसडीवरची सगळी पार्टिशन्स उडवली, मोकळ्या जागेवर इन्स्टॉल. (डेटा ठेवायचा असता तर एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्कचं नव्या पद्धतीत रूपांतर करता आलं असतं, पण इथे ठेवण्यासारखं काही नव्हतं.) एडिशन विचारली तेव्हा होम निवडली. इथे प्रो निवडलं तर नंतर होमची की बसत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून.

बॉक्समधली की टाकली. त्याच कमांडने आता चॅनल रिटेल दाखवलं. केबल परत लावली, हार्ड डिस्कचं डिफेंडरने पूर्ण स्कॅन केलं, स्टीममध्ये जुनं फोल्डर जोडलं, गेम पुन्हा उतरवावे लागले नाहीत. व्हॅनगार्ड टाकल्यावर एक रिस्टार्ट, आणि व्हॅलोरंट उघडला.

लायसन्स मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलं. उद्या बोर्ड बदललं की विंडोज ०एक्ससी००४एफ२११ ही अॅक्टिव्हेशनची एरर देईल. तेव्हा अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललं' निवडून याच खात्याने लॉगिन करायचं. बिल थर्मल कागदावर होतं, वर्षभरात कोरं होणारं. त्याची झेरॉक्स काढून कीच्या कार्डासोबत बोर्डाच्या खोक्यात टाकली.