हरण्या नव्हता तो

रावेर तालुक्यात केळीच्या बागा बघायचं, सल्ला द्यायचं काम करतो मी, बारा वर्षं झाली. ऑगस्टमधली गोष्ट. सकाळी सातला एका आप्पांचा फोन, आवाज पार बसलेला, भाऊ हरण्या आला हो माझ्या बागेत, बाग उपटायला उद्याचा जेसीबी सांगून ठेवलाय, तेवढं एकदा बघून जा. आमच्या भागात हरण्या म्हटलं की पोटात गोळाच येतो, सीएमव्ही म्हणतात तो केळीचा विषाणूचा रोग हाच, 2020 च्या पावसाळ्यात लोकांनी रडत रडत खोडं उपटून बांधावर फेकलेली मी बघितलीत. चहाही न घेता गाडी काढली.

तीन हजार खोड, जी-9 वाणाच्या टिश्यू रोपांचं, पाच बाय पाच फुटांवर, फेब्रुवारीत लावलेलं. लांबून खरंच हरण्याच वाटत होता, पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली नवी पानं, पिवळे, नवं पान अरुंद, दोरीसारखं निघालेलं, काही पोंगे तर उलगडतच नव्हते. पहिली पाच-दहा मिनिटं मीही तेच धरून चाललो होतो.

मग खटकलं. आजारी खोडं सगळी विहिरीकडच्या बारा ओळींत आणि तेरावी ओळ एकदम हिरवीगार. हरण्या पसरवणारा मावा काय ओळी मोजून बसत नाही, हरण्या दिसतो तो इथे एक तिथे दोन असा. खाली वाकलो तर प्रत्येक आजारी खोडाजवळचं पिल, म्हणजे बुडातून फुटणारं नवं रोप, वाळून तपकिरी झालेलं, आणि त्याच्या बुंध्यात बारीक भोक.

आप्पांना विचारलं, त्यांना काहीच माहीत नाही. मुलगा मागे उभा होता, तो रडायलाच लागला. पिलं कापायला मजूर मिळत नाही, कापली तरी पंधरा-वीस दिवसांत परत वर येतात, म्हणून त्याने कुठलातरी व्हिडिओ बघून ग्लायफोसेट हे तणनाशक आणलं आणि पाणी न घालता तसंच सिरिंजने पिलात सोडलं, दोन दिवस सालदाराला घेऊन बारा ओळी केल्या आणि मग औषध संपलं म्हणून थांबला. औषध संपलं म्हणून बाकीची बाग राहिली हो.

मी कुदळ मागवली, एका खोडाची माती बाजूला केली. पिलाचा कंद आईच्या कंदाला चिकटलेला, मध्ये काही आडपडदाच नाही. ग्लायफोसेट जिथे टाकलं तिथे थांबत नाही, झाडाच्या अन्नरसाबरोबर फिरतं आणि जिथे नवी वाढ चाललीय तिथे जाऊन बसतं, म्हणजे पोंग्यात. पिलाला दिलेलं आईला पोचणारच. घड काढून झाले, बाग मोडायचीय, तेव्हा हाच गुण कामाचा, खोडात दिलं की खालचा कंद आणि पिलं सगळंच मरतं. पर्णगुच्छ हा माव्यानेच पसरणारा दुसरा विषाणू रोग, तो आलेलं खोड मारायला 2,4-डी हे तणनाशक देतात, 50 ग्रॅम 400 मिली पाण्यात आणि त्यातलं 4 मिली खोडात, तेही आधी मावा मारून, नाहीतर तो उठून शेजारच्या खोडावर जातो. पण जे खोड ठेवायचंय त्याच्या पिलाला यातलं काहीच नाही, तिथे कोयताच. ग्लायफोसेटच्या लेबलवर तर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढंच असतं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच वापरायचं असा आदेश काढला होता, तरी ते पोराच्या हातात आलं कसं याचा मला आजही राग येतो.

आप्पा पोराला एक शब्द बोलले नाहीत. मला एवढंच विचारलं, मग जेसीबी नको ना? नको म्हटलं, उरलेली बाग चांगली आहे तुमची, एक खोड उपटू नका. त्यांनी तिथेच उभं राहून जेसीबीवाल्याला फोन लावला, हात थरथरत होता त्यांचा.

उतारा काही नसतो याला. पोंगा मेलेली खोडं काढायला सांगितली, बाकीच्यांना लाल रिबीन बांधली आणि दर आठवड्याला जात राहिलो. महिन्याभराने काही रिबीनवाल्यांना रुंद पान आलं, बरीचशी मात्र गेलीच. मुलगा आता दर पंधरा दिवसांनी स्वतः कोयता घेऊन पिलं काढतो, फोटो पाठवतो मला, आणि पुढच्या हंगामासाठी ठेवायचं पिल कुठलं ते विचारतो.