लेटमार्क चौघांचा, नोटीस एकालाच

"माझ्या जातीमुळे मला सातत्याने त्रास दिला जातो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." सरकारी कचेरीतल्या भेदभावाच्या कितीतरी तक्रारी या एका वाक्यावर उभ्या असतात आणि त्याच वाक्यावर पडतात. अर्ज आस्थापना शाखेत जातो, ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांचाच खुलासा मागवला जातो, 'आरोप मोघम आहेत' अशी टिपणी होते आणि प्रकरण दप्तरी दाखल, म्हणजे बंद. त्रास खोटा नसतो. तो कागदावर दिसत नाही, एवढंच.

भेदभाव सिद्ध होतो तुलनेतून. संविधानाची कलमं १४ आणि १६ समान परिस्थितीतल्या माणसांना समान वागणूक मागतात, म्हणून अर्जातही आधी परिस्थिती समान होती हे दिसायला हवं आणि मग वागणूक वेगळी. पावणेदहाच्या कचेरीत चौघं उशिरा आले, तर अर्ज असा हवा: "दि. ४ मार्च रोजी बायोमेट्रिक नोंदीनुसार शाखेतील चार कर्मचारी १०.०५ ते १०.२० दरम्यान हजर झाले. कारणे दाखवा नोटीस फक्त मला, दि. ५ मार्च, जावक क्रमांक अमुक. उर्वरित तिघांना नाही. असाच प्रकार १८ मार्च व २ एप्रिल." यात 'अन्याय' हा शब्द एकदाही नाही आणि तरी उत्तर देणं अवघड. तीन तारखा जुळल्या की योगायोग म्हणता येत नाही. कामवाटप, रजा मंजुरी, प्रशिक्षणासाठी नावं पाठवणं, सगळीकडे हीच मांडणी चालते.

पुरावा बहुतेक वेळा कचेरीच्याच कपाटात असतो. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे सगळं एकत्र कोंबू नका. सहकाऱ्यांची नावं घालून त्यांच्या नोटिसा मागितल्या की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो. म्हणून संख्या मागा: या शाखेत १ जानेवारी ते ३० जून या काळात उशिराबद्दल किती नोटिसा दिल्या, उशिराच्या नोंदी किती. आणि स्वतःबाबतच्या नस्तीतल्या (फाइलमधल्या) टिपण्यांच्या प्रती. टिपणीत कोणी काय शेरा मारला ते नोटिशीपेक्षा जास्त बोलतं.

अर्ज 'उचित मार्गाने', म्हणजे वरिष्ठांमार्फत, द्यावा लागतो आणि इथेच तो अडकतो, कारण मार्गावर बरेचदा तेच साहेब बसलेले असतात. मूळ अर्ज कार्यालयप्रमुखांमार्फत द्या, अग्रिम (आगाऊ) प्रत त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला थेट. दोन्हींच्या दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घ्या. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत, "साहेबांना विचारून घेतो" असं उत्तर मिळालं, तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि कार्यालयाचा अधिकृत ईमेल. आमदारांचं पत्र मात्र जोडू नका. बाहेरचं वजन आणणं हाच वर्तणूक नियमांचा भंग ठरतो आणि मूळ तक्रार बाजूला राहून चौकशी तुमचीच सुरू होते.

दार कोणतं, हे त्रासाच्या प्रकारावर ठरतं. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर तो फक्त खात्याचा विषय राहत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो आणि तपास किमान उपअधीक्षक, शहरात सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पण अपमान 'जनतेच्या दृष्टिपथात' झालेला लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणीच नसताना झालेला प्रकार त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणून त्याच संध्याकाळी लिहून ठेवा: केबिनचं दार उघडं होतं का, बाकावर अभ्यागत किती होते, शिपाई कुठे उभा होता. महिन्याभराने हे आठवत नाही आणि खटला नेमका याच तपशिलावर अडतो. पाण्याचा वेगळा माठ, वेगळा कप असे प्रकार असतील तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ लागू होतो. त्यात मोठा आधार असा की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेतूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे आरोपीला दाखवावं लागतं.

पदोन्नतीत डावललं असेल तर भांडण बिंदुनामावलीचं, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी हे ठरवणाऱ्या तक्त्याचं असतं. पुणे विभागात ती विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासली जाते, त्यामुळे तपासलेल्या नामावलीची प्रत आधी हातात घ्या. तात्पुरती ज्येष्ठता यादी निघाल्यावर दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवली नाही, तर पुढे सगळंच कठीण.

लैंगिक छळाच्या तक्रारीत मुदत सगळ्यांत आखूड. २०१३ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या घटनेपासून ३ महिने, कार्यालयातल्या तक्रार समितीने कारणं नोंदवली तर आणखी ३. कागदपत्रांसह सहा प्रती, साक्षीदारांची नावं-पत्ते. चौकशी ९० दिवसांत. कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या महिलांनाही हा कायदा लागू आहे. "तुम्ही आमच्या आस्थापनेवर नाही" हे उत्तर चुकीचं. अर्ज देण्याआधी समितीच्या आदेशाची तारीख जरूर पाहा. सदस्यांची मुदत ३ वर्षांची असते आणि बाहेरचा सदस्य बंधनकारक आहे. मुदत संपलेल्या किंवा अपुऱ्या समितीचा अहवाल पुढे आव्हानात टिकत नाही, आणि भोगावं लागतं त्या बाईला. हा दोष पहिल्याच दिवशी लेखी दाखवून दिला तर समिती दुरुस्त होऊ शकते. चौकशी चालू असेपर्यंत बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते, पण ती लेखी मागावी लागते.

दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तक्रार नोंदवहीत चढली की दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून पदावनती करता येत नाही. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे. रॅम्प नसणं, तिसऱ्या मजल्यावर बसवणं या 'किरकोळ' गोष्टीही तक्रारीचे विषय आहेत.

तक्रारीनंतरचा नेहमीचा वार म्हणजे बदली. सकाळी आदेश, दुपारी एकतर्फी कार्यमुक्त. २००५ च्या बदली कायद्यानुसार गट अ, ब आणि क साठी सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये. मध्येच करायची तर खास कारणं लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढाच शब्द हे खास कारण नव्हे. आदेश घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. सही करा, खाली तारीख-वेळ टाका, 'हरकत राखून स्वीकारले' लिहा आणि त्याच दिवशी वकिलाला भेटा.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याने जायचं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये. पुण्याची प्रकरणं मुंबईला. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅटचं दार नाही. केंद्राचे कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये जातात. मॅटची मुदत अंतिम आदेशापासून १ वर्ष. निवेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर ६ महिने थांबायचं आणि त्यानंतरचं १ वर्ष मोजायचं. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहिल्याने ही मुदत पुढे सरकत नाही. चांगली प्रकरणं इथेच बुडतात: संघटनेचे पदाधिकारी "साहेबांशी बोलणं चालू आहे" म्हणतात आणि वर्ष निघून जातं. निवेदनाच्या पोहोचेवरची तारीख पाहून दोन्ही मुदती कुठे संपतात ते कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.